पिचर पाहून पैज

विसाव्या शतकात बेसबॉलचा मोसम सुरू झाला की अमेरिकेतील वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर रोज एक छोटासा तक्ता छापून येई. आज कोणते संघ एकमेकांशी खेळणार, दोन्ही बाजूंनी सलामीचा पिचर कोण, आणि प्रत्येक पिचरच्या नावापुढे कंसात दोन आकडे. पहिला आकडा त्याने यंदा जिंकलेल्या सामन्यांचा, दुसरा हरलेल्यांचा. हा तक्ता खेळाचे शौकीन वाचत, तसेच पैज लावणारेही वाचत. त्यांचा हिशेब सरळ असे. एकीकडचा पिचर १२-४, दुसरीकडचा ५-९. म्हणजे पहिला संघ जिंकणार. पैसे त्याच्यावर लावावेत.

या हिशेबात तथ्य किती? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याचा उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या प्रयत्नात एक पत्रकार, एक संख्याशास्त्रज्ञ, संरक्षण खात्यातील एक संशोधक आणि कारखान्यातील एक रखवालदार अशा निरनिराळ्या लोकांचा हात लागला. ती कथा आम्ही येथे सांगणार आहोत. जुगाराची शिकवण देणे हा अर्थातच आमचा हेतू नाही. थोड्याशा आकड्यांवरून एखाद्याच्या कुवतीविषयी किती सांगता येते, हा या कथेचा गाभा आहे आणि प्रगतिपुस्तक भरताना प्रत्येक शिक्षकापुढे नेमका हाच प्रश्न उभा असतो.

एका माणसावर सामना

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून दोन शब्द. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की एक डाव संपतो. म्हणजे पूर्ण सामन्यात एका संघाचे सत्तावीस गडी बाद करावे लागतात. पिचर हा आपल्या गोलंदाजासारखा. पण त्याला षटकाची मर्यादा नाही. साठ फूट सहा इंचांवरून तोच चेंडू टाकत राहतो. थकला किंवा मार खाऊ लागला की त्याला काढून दुसरा आणतात आणि काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

इतक्या जोराने शे-शंभर चेंडू टाकल्यावर हाताला विश्रांती लागते. म्हणून आजकाल प्रत्येक संघ साधारण पाच सलामीचे पिचर बाळगतो आणि ते पाळीपाळीने खेळतात. परिणाम असा, की तोच संघ सोमवारी बलाढ्य असतो आणि मंगळवारी सामान्य. पैजेचे भाव ठरविणारा बुकी ही गोष्ट पक्की ओळखून असतो. बेसबॉलच्या पुष्कळ पैजा दोन्ही पिचरांची नावे घालूनच लावल्या जातात. ऐन वेळी दुसराच पिचर आला तर पैज रद्द होते आणि पैसे परत मिळतात. अकरा खेळाडूंच्या क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाला एवढे महत्त्व कोणी देणार नाही.

क्रिकेटच्या वहीतून

पिचरची आकडेवारी प्रथम रीतसर मांडली ती हेन्री चॅडविक या पत्रकाराने. त्याचा जन्म १८२४ साली इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. तेराव्या वर्षी तो आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला आणि मोठेपणी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या सामन्यांचे वृत्तांत लिहू लागला. १८५६ साली असाच एक क्रिकेट सामना आटोपून परतताना होबोकेन येथील मैदानावर त्याने बेसबॉलचा एक चुरशीचा सामना पाहिला आणि या खेळाने त्याला झपाटले. क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्या चॅडविकने बेसबॉललाही तशीच वही लावली. प्रत्येक खेळाडूच्या धावा, बाद होणे, झेल या साऱ्यांचा तक्ता छापण्याची पद्धत त्याच्यामुळे रूढ झाली. अमेरिकेच्या या ‘राष्ट्रीय’ खेळाचे अंकगणित असे क्रिकेटकडून आलेले आहे.

क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे गेलेली धाव पिचरच्या माथी मारू नये, हा विचारही चॅडविकच्या लिखाणात दिसतो. पुढे यातूनच ‘दर नऊ डावांमागे पिचरने स्वतःच्या खात्यावर दिलेल्या धावा’ हे माप तयार झाले. नॅशनल लीगने १९१२ साली आणि अमेरिकन लीगने १९१३ साली ते अधिकृतपणे स्वीकारले. यापुढे आपण त्याला ‘धावसरासरी’ म्हणू. क्रिकेटमधील गोलंदाजीच्या सरासरीप्रमाणेच ती जितकी कमी तितकी चांगली.

गंमत अशी, की चॅडविक स्वतः जुगाराचा कट्टर विरोधक होता. खेळाला लागलेल्या सट्ट्याच्या किडीविरुद्ध तो आयुष्यभर लिहीत राहिला. खेळाडूंचे मूल्यमापन न्याय्य व्हावे म्हणून त्याने मांडलेले आकडे हीच सट्टेबाजांची शिदोरी झाली.

पिचर विकत घेणे

पिचरवर सामना अवलंबून असतो हे आकडेतज्ज्ञांच्या आधी लबाडांना कळले. १८७७ साली लुईव्हिलचा संघ ऑगस्टमध्ये आघाडीवर होता आणि नंतर अचानक हरत सुटला. चौकशीअंती चार खेळाडूंना कायमचे काढून टाकण्यात आले. त्यांतील प्रमुख होता जिम डेव्हलिन. त्या वर्षी लुईव्हिलने खेळलेल्या प्रत्येक सामन्यातील प्रत्येक डावात पिचिंग एकट्या डेव्हलिननेच केले होते! संघाचे सामने विकण्यासाठी त्याच्याहून सोयीचा माणूस दुसरा कोण असणार?

१९१९ सालचे प्रकरण त्याहून गाजले. वर्षअखेरच्या ‘वर्ल्ड सीरीज’ मालिकेत शिकागोचा व्हाइट सॉक्स आणि सिनसिनाटीचा रेड्स हे संघ समोरासमोर होते. पहिल्या सामन्यात शिकागोकडून एडी सिकॉट होता. त्या मोसमात त्याने २९ सामने जिंकले होते आणि ७ हरले होते. सिनसिनाटीच्या डच रूदरचा हिशेब १९-६ असा होता. नुसती जय-पराजयाची रकाने वाचणाऱ्याला सिकॉट सरस वाटणार. पण धावसरासरी पाहिली तर दोघांचीही १.८२! कागदावर दोघे तुल्यबळ होते.

मात्र कागदाबाहेर भलतेच घडले होते. सामना सुरू होण्यापूर्वी सिकॉटला दहा हजार डॉलर पोहोचले होते. त्याने पहिल्याच फलंदाजाच्या अंगावर चेंडू मारला. ‘सौदा पक्का’ अशी ती खूण होती, असे मानले जाते. शिकागो १-९ असा हरला. कटात सामील असलेला दुसरा पिचर लेफ्टी विल्यम्स याने तीन सामने हरविले. आठ सामन्यांची ती मालिका सिनसिनाटीने ५-३ अशी जिंकली. याच मालिकेत शिकागोचा डिकी कर हा तरुण पिचर कटाबाहेर होता आणि त्याने आपले दोन्ही सामने जिंकले. सप्टेंबर १९२० मध्ये सिकॉटने कबुली दिली. १९२१ साली न्यायालयात खटला चाललेले खेळाडू सुटले. तरीही बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी आठही जणांना आजन्म बंदी केली.

पिचरांची तुलना करणाऱ्या भाबड्या माणसाला यातून पहिला धडा मिळतो. आकडे भूतकाळाचे असतात आणि ते खरे असले तरी उद्याचा खेळ प्रामाणिक असेल याची हमी ते देत नाहीत. मालिका सुरू होण्याआधीच सिनसिनाटीचे भाव विनाकारण सुधारू लागले होते, ते कारण ठाऊक असलेल्यांच्या पैशांमुळे.

विजय कोणाचा?

आता प्रामाणिक खेळाकडे वळू. वर्तमानपत्राच्या तक्त्यातील जय-पराजयाचा आकडा पिचरची कुवत खरोखर दाखवतो का? तीन उदाहरणे पाहू.

१९७२ साली फिलाडेल्फियाच्या स्टीव्ह कार्लटनने २७ सामने जिंकले आणि १० हरले. त्याच्या संघाची त्या वर्षीची एकूण नोंद ५९ विजय, ९७ पराभव. कार्लटनचे सामने वजा केले तर उरतात ३२ विजय आणि ८७ पराभव. म्हणजे त्याच्या नावावर शेकडा ७३ यश आणि इतरांच्या नावावर शेकडा २७. पिचर पाहून पैज लावावी असे वाटायला लावणारे याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

दुसरे उदाहरण नेमके उलटे. १९८७ साली ह्यूस्टनच्या नोलन रायनची धावसरासरी २.७६ होती; त्याच्या लीगमध्ये सर्वांत चांगली. सर्वाधिक स्ट्राइकआउटही त्याचेच. पण त्याची जय-पराजयाची नोंद होती ८-१६. तो धावा देत नव्हता, पण त्याचे सोबती धावा काढत नव्हते.

तिसरे उदाहरण १९६८ सालचे. सेंट लुईच्या बॉब गिब्सनने वर्षभरात केवळ १.१२ धावसरासरी राखली. असे पिचिंग इतके प्रभावी ठरले, की पुढील वर्षी पिचरचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणण्यात आला. एवढे असूनही गिब्सन त्या वर्षी ९ सामने हरला.

‘विजय’ हे संघाचे फळ आहे. ते एका माणसाच्या खात्यावर लिहिले की गफलत होते. मोजायचे एक आणि मोजले दुसरेच, ही चूक प्रयोगशाळेतही नित्य घडते.

संख्याशास्त्रज्ञ मैदानात येतात

१९४६ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये बोस्टनचा बलवान समजला जाणारा संघ सेंट लुईकडून सातव्या सामन्यात हरला. हार्वर्डमधील संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांना प्रश्न पडला: जास्त चांगला संघ मालिका हरण्याची शक्यता असते तरी किती? १९५२ साली त्यांनी यावर लेख प्रसिद्ध केला. मालिकांच्या इतिहासावरून त्यांनी अंदाज बांधला, की त्यांतील सरस संघाची एक सामना जिंकण्याची संभाव्यता सरासरीने ०.६५ च्या आसपास आहे. मग सातपैकी चार सामने आधी जिंकण्याची संभाव्यता किती? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. उत्तर येते ०.८०. म्हणजे अमेरिकेचा ‘विश्वविजेता’ ठरविणाऱ्या दर पाच मालिकांपैकी एक मालिका कमी प्रतीचा संघ जिंकतो, तोही निव्वळ योगायोगाने. एका सामन्याचा निकाल हे संघाच्या कुवतीचे किती कच्चे माप आहे, हे यावरून दिसते.

कॅनडाच्या संरक्षण संशोधन विभागातील जॉर्ज लिंडसे यांनी याच सुमारास आणखी एक वाट धरली. त्यांच्या वडिलांनी शेकडो सामन्यांच्या बारकाईने नोंदी केल्या होत्या. त्यांच्या आधारे लिंडसे यांनी १९६३ साली दाखवून दिले, की मैदानावरील प्रत्येक परिस्थितीत पुढे सरासरीने किती धावा निघतात हे मोजता येते. खेळाविषयीच्या परंपरागत समजुतींना आता आकड्यांची कसोटी लागू झाली.

१९७७ साली कॅन्सस राज्यात डबाबंद खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात रात्रीची राखण करणाऱ्या बिल जेम्स नावाच्या तरुणाने बेसबॉलच्या आकडेवारीवर स्वखर्चाने एक पुस्तिका काढली. ग्राहक मोजकेच मिळाले. पण तो दरवर्षी पुस्तिका काढत राहिला आणि पुढे त्यातून एक अभ्यासशाखाच उभी राहिली. दोन प्रतिस्पर्ध्यांची तुलना करण्याचे त्याचे एक सूत्र शिक्षकांना उपयोगी पडेल. पहिला आपले शेकडा ६० सामने जिंकतो, दुसरा शेकडा ४०. ते एकमेकांविरुद्ध आले तर? पहिल्याचे ‘जिंकणे’ आणि दुसऱ्याचे ‘हरणे’ यांचा गुणाकार ०.६ × ०.६ = ०.३६. उलट बाजूने ०.४ × ०.४ = ०.१६. दोघेही जिंकले किंवा दोघेही हरले, हे शक्य नाही. म्हणून ते पर्याय सोडून द्यायचे. उरलेल्यांत पहिल्याचा वाटा ०.३६ भागिले ०.५२, म्हणजे सुमारे ०.६९. बुद्धिबळाच्या क्रमवारीसाठी झर्मेलो या गणितज्ञाने १९२९ साली आणि पुढे ब्रॅडली व टेरी यांनी १९५२ साली मांडलेल्या पद्धतीशी हे सूत्र मुळात जुळते. कारखान्यातील रखवालदार स्वतःच्या वाटेने तेथवर पोहोचला, याचे कौतुक वाटते.

एका धावेची किंमत

आता मूळ प्रश्नाला हात घालू. समजा, दोन संघ अन्य बाबतींत अगदी सारखे आहेत. फक्त एकाच्या पिचरची धावसरासरी ३.५० आणि दुसऱ्याची ४.५०. पहिल्या संघाची बाजू किती वरचढ?

आज सलामीचा पिचर नऊ डाव क्वचितच टाकतो. सय यंग या जुन्या पिचरने कारकीर्दीत ७४९ सामने एकट्याने संपविले होते. ते दिवस गेले. आता तो पाच-साडेपाच डावांनंतर बाहेर जातो. म्हणून नऊ डावांत एका धावेचा फरक असेल, तर त्याच्या वाट्याला ५.५ भागिले ९, म्हणजे सुमारे ०.६ धाव येते. पीट पामर या संशोधकाने १९८४ च्या सुमारास दाखविलेला एक ठोकताळा असा: मोसमात साधारण दहा जादा धावांमागे एक जादा विजय पदरात पडतो. म्हणजे ०.६ धावेला ०.०६ विजय. तुल्यबळ संघाची शक्यता ५० टक्क्यांवरून ५६ टक्के झाली. तक्त्यात डोळ्यांत भरणारा पूर्ण एका धावेचा फरक मैदानावर एवढाच उरतो!

पण थांबा. ३.५० आणि ४.५० हे आकडे तरी कितपत विश्वासार्ह आहेत? एका सामन्यात एका संघाच्या धावा कधी शून्य तर कधी बारा असतात. त्यांचे प्रमाणित विचलन सुमारे ३ आहे. मोसमाच्या पहिल्या महिन्यात पिचर सहा वेळा मैदानावर येऊन प्रत्येक वेळी सहा डाव टाकतो असे धरू. एकूण ३६ डाव, म्हणजे केवळ चार पूर्ण सामने. तेव्हा त्याच्या सरासरीतील प्रमाणित त्रुटी ३ भागिले चारचे वर्गमूळ, म्हणजे १.५ धावा. दोन पिचरांची तुलना करायची तर ती त्रुटी आणखी वाढून २.१ होते. एका धावेचा फरक या त्रुटीत सहज बुडून जातो. १८० डावांच्या पूर्ण मोसमानंतरही एका पिचरच्या सरासरीतील त्रुटी सुमारे ०.६७ धावा असते. (क्षेत्ररक्षणाच्या चुका येथे आपण बाजूला ठेवल्या आहेत, अंदाजासाठी एवढे पुरे.)

फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या संदर्भात दाखविलेले ‘सरासरीकडे परतणे’ येथे लागू पडते. टोकाच्या आकड्यात कुवतीबरोबर नशिबाचाही भाग असतो. कुवत पुढील वेळी सोबत येते, नशीब येतेच असे नाही. याचे एक प्रसिद्ध उदाहरण एफ्रन आणि मॉरिस यांनी १९७७ साली दिले. १९७० च्या मोसमात रोबेर्तो क्लेमेंटे या फलंदाजाने पहिल्या ४५ संधींत १८ वेळा यश मिळविले, म्हणजे ०.४००. उरलेल्या मोसमात तो ०.३४६ वर आला. अशा अठरा फलंदाजांचे सुरुवातीचे आकडे सर्वांच्या सरासरीकडे मुद्दाम ओढून घेतले, तर एकूण अंदाज मूळ आकड्यांपेक्षा बरेच अचूक ठरतात, हे त्यांनी दाखविले. आपल्या पिचरांतील एका धावेचा फरकही असाच निम्म्यावर आणावा लागला, असे समजू. मग ५६ टक्क्यांचे उरतात ५३.

२००१ साली व्होरोस मॅक्रॅकन याने याहून खोल घाव घातला. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन यांचे पिचरचे आकडे वर्षानुवर्षे बऱ्यापैकी टिकतात. परंतु बॅटला लागून मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी किती सुटतात आणि किती पकडले जातात, हे प्रमाण त्याच पिचरच्या बाबतीत एका वर्षी चांगले तर पुढच्या वर्षी वाईट असे हेलकावे खाते. पेद्रो मार्टिनेझसारखा नामांकित पिचर १९९९ साली या यादीत तळाशी, तर २००० साली अगदी वर होता. म्हणजे धावसरासरीचा मोठा भाग क्षेत्ररक्षकांचा आणि योगायोगाचा. पुढील संशोधनाने हा निष्कर्ष थोडा सौम्य केला, पण त्याचा गाभा टिकला. यानंतर पिचरची पारख या तीन गोष्टींवरून करणारी मापे प्रचारात आली.

बुकीचा वाटा

५३ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त; मग पैज फायद्याची नाही का? पैज लावणारा येथे दुसरी चूक करतो. समजा, दोन्ही बाजूंना बुकीचा भाव सारखा आहे: ११० लावा, जिंकलात तर वर १०० मिळवा. नफातोटा बरोबर होण्यासाठी ११० भागिले २१०, म्हणजे ५२.४ टक्के सामने जिंकावे लागतात. आपल्या ५३ टक्क्यांपैकी उरले काय, तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आणि हेही बुकीने पिचरांची नावे वाचलीच नाहीत असे धरून! प्रत्यक्षात तक्ता त्याच्याही समोर असतो आणि भाव ठरतो तोच मुळी पिचर पाहून. चांगल्या पिचरवरची पैज जिंकण्याची शक्यता जास्त असते हे खरे. परंतु तिची किंमतही तितकीच जास्त असते. तेव्हा प्रश्न ‘कोण जिंकेल’ हा नसून ‘भाव चुकला आहे का’ हा आहे आणि पिचरांची तुलना करून त्याचे उत्तर मिळत नाही.

आणखी एक हिशेब आम्हाला फार बोलका वाटतो. एखादा म्हणतो, ‘मी ५३ टक्के अचूक आहे.’ हे नुसते नशीब नव्हे, याची बरी खात्री पटण्यास किती पैजा लागतील? नाणेफेकीच्या प्रमाणातील त्रुटी ०.५ भागिले पैजांच्या संख्येचे वर्गमूळ इतकी असते. तीन टक्क्यांचा फरक या त्रुटीच्या दुप्पट व्हायला हवा असेल, तर सुमारे ११०० पैजा लागतात. रोज एक पैज लावली तर सहा महिन्यांच्या मोसमाच्या हिशेबाने सहा वर्षे! तोवर आपण हुशार आहोत की नशीबवान, हे त्या माणसाला स्वतःलाही कळण्याचा मार्ग नाही. चार पैजा लागोपाठ जिंकलेल्या तरुणाला मात्र ते पहिल्याच आठवड्यात कळल्यासारखे वाटते. जुगाराची पकड बसते ती येथे.

सातवा सामना

१० ऑक्टोबर १९६८. वर्ल्ड सीरीजचा सातवा आणि निर्णायक सामना. सेंट लुईकडून बॉब गिब्सन. वर्षाची धावसरासरी १.१२ आणि वर्ल्ड सीरीजमध्ये लागोपाठ सात विजय. याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात त्याने १७ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले होते. डेट्रॉइटकडून मिकी लोलिच. वर्षाची नोंद १७-९, धावसरासरी ३.१९ आणि दोनच दिवसांची विश्रांती झालेली. पिचर पाहून पैज लावणाऱ्याला याहून सोपा दिवस मिळणार नव्हता.

सहा डावांपर्यंत दोन्ही संघ शून्यावर. सातव्या डावात दोन गडी बाद असताना डेट्रॉइटचे दोन खेळाडू तळांवर पोहोचले आणि नॉर्थरपने चेंडू उंच, मध्य क्षेत्ररक्षकाच्या दिशेने मारला. तेथे उभा होता कर्ट फ्लड. त्या काळच्या उत्कृष्ट क्षेत्ररक्षकांपैकी एक. त्याचा अंदाज चुकला, पाय अडखळला आणि चेंडू डोक्यावरून गेला. दोन धावा झाल्या, पाठोपाठ तिसरी. डेट्रॉइटने सामना ४-१ असा जिंकला.

आपल्या ठोकताळ्याने पाहू. धावसरासरीत दोन धावांचा फरक आणि त्या काळी पिचर नऊही डाव टाकत. म्हणजे गिब्सनची बाजू फार तर ७० टक्के. सरासरीकडे थोडी ओढली तर साठीच्या आसपास. उरलेले तीस-चाळीस टक्के कोठे दडलेले असतात, ते फ्लडच्या अडखळण्यात दिसले. आकडे खोटे ठरले नाहीत. त्यांनी शंभर टक्के कधी म्हटलेच नव्हते.

त्याच मालिकेतील डेट्रॉइटचा दुसरा पिचर डेनी मॅक्लेन याने त्या वर्षी ३१ सामने जिंकले होते. १९७० साली बुकींच्या धंद्यात गुंतल्याबद्दल त्याला निलंबित करण्यात आले. चॅडविकला जिची चिंता होती ती कीड गेलेली नव्हती, आणि आजही ती संपलेली नाही. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळावरील पैजांना आळा घालणारा १९९२ चा कायदा रद्द केला. त्यानंतर अनेक राज्यांत फोनवरून पैज लावणे कायदेशीर झाले. सामन्यावरच नव्हे, तर एकेका चेंडूवरही. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंडच्या दोन पिचरांवर, ठरवून चेंडू टाकल्याचे आरोपपत्र न्यूयॉर्कमध्ये दाखल झाले. दोघांनीही आरोप नाकारले. डेव्हलिनला पूर्ण सामना विकावा लागला होता. आता एक चेंडू पुरतो. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या आधीच्या वादांत ‘हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा’ हा मुद्दा वारंवार पुढे येत असे. बेसबॉलचे उत्तर असे आहे, की दोन्ही खरे असते. पण कौशल्याचा अंश हाती लागण्याआधी नशीब शेकडो डाव खेळून जाते.

वर्गात करून पाहा

शेवटी एक प्रयोग. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने एक नाणे दहा वेळा उडवावे. छापा म्हणजे विजय, काटा म्हणजे पराभव. प्रत्येकाच्या नावापुढे वर्तमानपत्राप्रमाणे आकडे फळ्यावर लिहावेत: ६-४, ३-७, ५-५. आठ किंवा अधिक छापे पडण्याची संभाव्यता १०२४ पैकी ५६ आहे. त्यामुळे साधारण दोन मुले ८-२ किंवा त्याहून वरची निघतील आणि दोन मुले २-८ किंवा त्याखालची.

आता वर्गाला विचारावे: पुढच्या दहा फेकींत ८-२ वाला जिंकेल की २-८ वाला? नाणी सारखीच आहेत, हे ठाऊक असूनही काही हात ८-२ वाल्याच्या बाजूने वर येतात, असा अनुभव येतो. मग फेरी पुन्हा घ्यावी आणि दुसरा तक्ता पहिल्याच्या शेजारी लिहावा. पहिल्या तक्त्यातील शिरोमणी आणि दुसऱ्यातील शिरोमणी बहुधा निराळे निघतील.

यानंतर शिक्षकांनी स्वतःसाठी, वर्गात न वाचता, आणखी एक काम करावे. पहिल्या घटक चाचणीतील वरची पाच आणि खालची पाच मुले काढून दुसऱ्या चाचणीत ती कोठे आहेत ते पाहावे. मुले नाणी नव्हेत, त्यामुळे बरीचशी आपल्या जागेजवळच असतील. पण वरची पाच थोडी खाली आणि खालची पाच थोडी वर सरकलेली दिसली, तर ‘पहिल्यांचे लक्ष उडाले’ किंवा ‘माझ्या रागावण्याचा उपयोग झाला’ असे शेरे लिहिण्यापूर्वी नाण्यांचे ते दोन तक्ते एकवार पाहावेत.